सही जुळत नाही

लोक म्हणतात, मनात डूख धरू नये, आपलंच रक्त आटतं. म्हणोत बापडे. गजभिये बाईंनी नऊ वर्षं डूख धरला, लोणच्यासारखा मुरवला, आणि त्यांचं रक्त काही आटलं नाही. निवृत्तीच्या वर्षीसुद्धा त्या ऑफिसचे दोन जिने मध्ये न थांबता चढायच्या आणि मी मागून धापा टाकत यायची. ज्याचं आटायला हवं होतं त्याचंच आटलं. मला त्याचं तसूभरही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला क्षमेचे पाठ द्यायला नकोत.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या पोस्टात रजिस्ट्रीची खिडकी बाईंची आणि शेजारची मनीऑर्डरची माझी. चौदा वर्षं आम्ही अशा शेजारी बसलो. बाई म्हणजे उंच, काळीसावळी, काठापदराचं सुती पातळ, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला आणि बोटांना कायम लाखेचा वास. लग्न केलं नव्हतं. कुणी आगाऊपणानं विचारलंच तर म्हणायच्या, "सवड नाई भेटली गा." ऊन असो, पाऊस असो, काळी छत्री बरोबर. ती उघडलेली मी क्वचित पाहिली, पण तिनं खिडकीतून रांग सरळ केलेली रोज पाहिली.

संध्याकाळी पोस्टमन रजिस्टर पत्रं वाटून परत आले की खरी गंमत सुरू व्हायची. बाई एकेक पावती खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि सही पाहायच्या. रोजचे पत्ते, रोजची माणसं, त्यांना त्यांच्या सह्या पाठ होत्या. भोंगाडे पोस्टमन तर त्यांना टरकून असायचा.

"भोंगाडे, ही सही कोनाची आहे?"

"त्यायचीच आहे बाई. मानूस तोच होता."

"मानूस तोच असन. सही त्याची नाई. पोराची आहे. जाय परत."

आणि अंगठा असला तर विचारूच नका. अंगठा घेतला तर शेजारी साक्षीदाराची सही हवी, असा नियम. बाकीच्या ऑफिसात तो फळ्यावर लिहिलेला असायचा आणि तिथंच राहायचा. आमच्याकडे भोंगाडे भर मे महिन्याच्या उन्हात एका साक्षीदारासाठी दोन मैल सायकल मारत परत गेलेला आहे. बाई 'अंगठा' हा शब्द मात्र कधी तोंडातून काढत नसत. त्या म्हणायच्या 'डाग'. "डागाले साक्षीदार लागते." खिडकीशी कुणी निरक्षर बाई आली, तर तिला खराब झालेल्या फॉर्मच्या पाठीमागं तिचं नाव लिहून द्यायच्या आणि म्हणायच्या, "हे गिरव वं माय. पंधरा दिवसानं येशीन तर डाग नाई, सही पायजे." महालातल्या तीन भाजीवाल्या आणि एक कल्हईवाला सही करायला आमच्या खिडकीशी शिकले. खोटं वाटत असेल तर वाटो.

'डाग' का, ते मला सहा वर्षांनी कळलं. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता बाईंनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

त्यांचे वडील नारायण गजभिये गिरणीत विणकर होते. पगाराच्या दिवशी आयुष्यभर अंगठा उठवला. छप्पन साली दीक्षा घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात पन्नाशी उलटलेला हा माणूस रात्रीच्या शाळेत जाऊन बसला. पुढच्या पगाराला अंगठा पुढं करायच्या ऐवजी त्यांनी टाक मागितला. मागं रांग खोळंबली, कारकून चिडला, पण यांनी सगळं नाव काढलं, वेलांट्या-मात्रांसकट. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी बानं घरी येऊन पेढे वाटले. पगाराचे नाई वं, सहीचे."

त्याच सुमाराला आमच्या नागपुरात भैयासाहेब सरोदे उगवले. राजधानी मुंबईला गेलेली, शहर रुसून बसलेलं, आणि हा माणूस गिरण्यांच्या दारात, शाळांत, कचेऱ्यांत भाषणं ठोकत हिंडे. रेशमी कुडता, हातात एक संत्रं. ते सगळ्यांसमोर सोलायचं, ग्लासात पिळायचं आणि म्हणायचं, "बंधूंनो, हा रस उद्या लंडनला जाणार आहे. कंपनी तुमची, संत्री तुमची, नफा तुमचा!" 'नागभूमी फळरस कंपनी' असं नाव. दहा रुपयांचा एक भाग. तोवर शेअर म्हणजे मुंबईच्या शेठांचा जुगार, एवढंच आम्हाला ठाऊक. पण इथं मास्तरांनी घेतले, कारकुनांनी घेतले, आमच्या ह्यांनी लग्नात आलेल्या आहेरातून पंचवीस घेतले. नारायणरावांनी निवृत्तीच्या फंडातून शंभर घेतले. अर्जावर सही केली तेव्हा, बाई सांगत, त्यांनी शाई वाळेपर्यंत कागद हातातून सोडला नाही.

रस लंडनला काही गेला नाही, इतवारीच्या बाजारातही जेमतेम गेला. दहा वर्षांत एक पैसा लाभांश नाही. भैयासाहेबांचा बंगला मात्र दुमजली झाला. नारायणराव थकले, छातीत कापूस बसलेला, हात थरथरू लागले. आपल्यामागं कटकट नको म्हणून भाग लेकीच्या नावावर करायचा कागद भरून ते कंपनीत गेले. कागद परत आला. शेरा होता, 'सही जुळत नाही.' दुसऱ्यांदा घरी वहीवर सराव करून गेले, तरी तेच. तिसऱ्या खेपेला कारकुनाच्या टेबलाशी वाद चालला असताना भैयासाहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले. कागद पाहिला, हसले आणि चारचौघांत म्हणाले, "अहो, हे झेपत नाही तर पहिल्याच दिवशी अंगठा लावायचा होता. तुमच्यासाठी सोपं पडलं असतं."

'तुमच्यासाठी' म्हणजे कुणासाठी, ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. नारायणराव तसेच मागं फिरले. घरी आले, तो कागद घडी करून ट्रंकेत ठेवला, आणि पुन्हा हातात पेन धरलं नाही. त्याच हिवाळ्यात गेले.

"पैसे बुडाले त्याचं काई नाई," बाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "पन त्यानं माह्या बाचा हात पुन्हा शाईत बुडवला वं. त्याले मी सोडत नाई." आवाज अगदी साधा, उद्या हरताळका आहे म्हणावं तसा.

त्यानंतर बाईंनी काय केलं? वकील नाही, अर्ज नाही, रडारड नाही. त्या इतवारीत गेल्या, भांड्यांच्या गल्लीत. मला बरोबर नेलं. एका बर्तनवाल्याकडे रस कंपनीचे दहा भाग होते, त्यानं ते लक्ष्मीच्या तसबिरीमागं खोचून ठेवले होते. "बाई, ये रद्दी लेके क्या करोगे? याच्यात तुमाले पानी भराले एक चांगला पितळी गुंड देतो," तो म्हणाला. बाईंनी दोन रुपयाला एक असा भाव ठरवला आणि मग त्या शेठला समोर बसवून सही करायला लावली. एकदा नाही, कोऱ्या कागदावर सोळा वेळा. दहा वर्षांपूर्वीच्या सहीत त्याचा 'ल' जसा वळला होता तसा वळेपर्यंत सोडलं नाही. तो घामाघूम. शेवटी म्हणाला, "इतनी मेहनत तो मैंने शादी में नहीं की." सतरावी सही खऱ्या कागदावर घेतली. कंपनीला ती नाकारता आली नाही, आणि गजभिये बाई रस कंपनीच्या भागधारक झाल्या.

वडिलांचे शंभर भाग मात्र वडिलांच्याच नावावर राहिले. ते गेल्याचं बाईंनी कंपनीला कळवलंच नाही. मी दोनतीनदा म्हटलं, "बाई, दाखला जोडून द्या की, नावावर होतील." त्या म्हणायच्या, "राहू दे. दार उघडं असलं का कुत्रं शिरतेच." मला वाटे, दुःखानं हात धजत नसेल. मी किती बावळट होते, ते पुढं कळलं.

दरवर्षी कंपनीची सर्वसाधारण सभा धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये भरायची. लोक यायचे ते पुड्यासाठी. पुड्यात एक सामोसा, एक बालूशाही आणि रसाची छोटी बाटली. बाई पुडा घेत नसत. पाठीमागच्या खुर्चीवर छत्री मांडीवर घेऊन बसायच्या आणि अध्यक्षांनी "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं की उभ्या राहायच्या.

"माह्या बाची सही काहून जुळत नाई?"

"हा व्यक्तिगत प्रश्न आहे, बाई. सभेनंतर भेटा."

बाई बसायच्या. एवढंच. पुढच्या वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. लोक हसायला लागले. भैयासाहेबही गमतीत घ्यायला लागले. "हं, आता आमच्या पोस्टाच्या बाई!" म्हणायचे आणि हॉल खदखदायचा. मला संताप यायचा. मी म्हणायची, "बाई, कशाला स्वतःचं हसं करून घेता?" त्या म्हणायच्या, "हासू दे. हासता हासता मानूस गाफील राह्यते."

मधल्या काळात शेअरची हवा बदलली. परदेशी कंपन्यांना आपले भाग इथल्या लोकांना विकणं भाग पडलं. अर्जांसाठी बँकांपुढं रांगा लागल्या. आमच्या पोस्टातले सगळे बाईंच्या टेबलाशी जमायचे, कारण फॉर्म कसा भरायचा ते नागपुरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. "पैशाचा लोभ धरा, पन कागद वाचून धरा," त्या म्हणायच्या. "कंपनीवाला भाषन करते का कारखाना चालवते, ते पाहा. अन् सही दोन्ही ठिकानी सारखी." आमच्या शिपायानं त्यांच्या सांगण्यावरून घेतलेल्या भागांत मुलीचं लग्न केलं. मी सोन्याच्या पाटल्या केल्या. बाईंनी स्वतः एकही भाग घेतला नाही. मी न राहवून विचारलं, "तुम्ही का नाही घेत?"

"मले पैसा नाई पायजे वं कुसुम," बाई म्हणाल्या. "मले भैयासाहेब पायजे."

आणि भैयासाहेब आपल्या पायानं चालत आले. हुडकेश्वरच्या बाजूला कंपनीची मोठी जमीन होती. घेतली तेव्हा तिथं दिवसा कोल्हे फिरत. आता शहर तिकडं सरकू लागलं, प्लॉट पडू लागले, आणि बुडीत कंपनीत तेवढी एकच गोष्ट किमतीची उरली. सभेची नोटीस आली. जमीन विकण्याचा ठराव. घेणारे कोण, तर भैयासाहेबांचे जावई, आणि भाव असा की त्यात आमच्या मोहल्ल्यातली गोठ्याची जागा आली नसती. ठराव पास झाला की मास्तर, कारकून, विणकर सगळ्यांच्या हातात फक्त कागद उरणार.

ठरावाला खूप मतं लागणार होती. सभेला न येणारा भागधारक आपल्या वतीनं मत द्यायचा अधिकार दुसऱ्याला लिहून देऊ शकतो, त्या कागदाला प्रॉक्सी म्हणतात. भैयासाहेब दरवर्षी सांगायचे, शेकडो प्रॉक्सी आमच्या बाजूनं आल्या. बाई गल्लोगल्ली विचारून बसल्या होत्या. कुणीच दिलेली नसायची. "मंग येते कुठून?" त्या म्हणायच्या. कायद्यात एक कलम होतं. तीन दिवस आधी लेखी कळवलं तर सभेच्या आदल्या दिवशी कुठलाही भागधारक त्या प्रॉक्सी पाहू शकतो. बाईंनी कळवलं. रजिस्टर पत्रानं, पोचपावतीसह, दुसरं कसं!

आदल्या दिवशी आम्ही दोघी कंपनीत गेलो. कारकुनानं गठ्ठे आदळले. बाई चष्मा पुसून एकेक कागद उलटू लागल्या, अगदी संध्याकाळच्या पावत्या पाहाव्यात तशा. तासाभरानं त्यांचा हात थांबला. मी वाकून पाहिलं. नारायण सोमाजी गजभिये. ठराव मंजूर. खाली सही. थरथर नाही, एक वेलांटी इकडची तिकडं नाही. मेल्यांनी जुन्या अर्जावरची सही गिरवली होती, नारायणरावांचे हात धड होते तेव्हाची.

मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझा हात दाबला. कागदाचा क्रमांक टिपला, गठ्ठा बांधून दिला आणि कारकुनाला म्हणाल्या, "झालं गा. सगळं बराबर आहे." बाहेर आल्यावर मी भांडलेच, तिथंच बोंब का नाही मारली म्हणून. त्या नळावर पाणी प्यायल्या. डोळे लाल झाले होते, पण आवाज तसाच. "अथी चार कारकून होते. उद्या सारं गाव राहीन."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ह्यांनाही ओढत नेलं. हॉल भरलेला. ठराव वाचला गेला, भैयासाहेबांनी विचारलं, बाई उभ्या राहिल्या. हशा सुरू झाला.

"बाई, तोच नेहमीचा प्रश्न असेल तर सभेनंतर भेटा."

"नाई साहेब, यंदा दुसरा आहे. ह्या प्रॉक्सी आल्या, त्यायच्या सह्या तपासल्या का?"

"एकूण एक. अहो, ही कंपनी आहे, भाजीबाजार नाही. सही जुळली नाही तर आम्ही कागद हातात घेत नाही. तुम्हाला तर ते चांगलंच ठाऊक आहे!" पुन्हा हशा.

"मंग नारायण सोमाजी गजभियेची सही जुळली?" बाईंनी क्रमांक सांगितला.

सेक्रेटरीनं कागद काढला, पाहिला. "जुळली."

"जोरात सांगा. मांगं आयकू येत नाई."

"जुळली!" भैयासाहेबच ओरडले.

बाईंनी पिशवीतून महापालिकेचा दाखला काढला. मधल्या वाटेनं चालत पुढं गेल्या आणि टेबलावर ठेवला.

"हा माहा बा. नऊ वर्सं झाले त्याले मरून. जित्ता होता तवा तीन खेपा तुमच्या दारात आला, एकही खेप सही जुळली नाई. आता मेल्यावर जुळली? काहून साहेब? मेल्यावर हात कापत नाई म्हनून?"

मग, देवाशप्पथ सांगते, आमचे हे उठले. रेशनवाल्याशीही हात जोडून बोलणारा माणूस. म्हणाले, "माझी पण दाखवा." दाखवली. ह्यांनी जन्मात प्रॉक्सी दिली नव्हती, पण सही होती, ऐटदार. मग एकच गलका. माझी दाखवा, माझ्या भावाची दाखवा. लोक स्टेजवर चढले. भैयासाहेबांच्या कपाळावरून घाम ओघळला आणि ते मागच्या दारानं निघाले. तिथं छत्री टेकवून बाई उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नाही, फक्त पाहिलं. मला आनंद झाला का? झाला, अगदी पोटभर झाला.

त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा पुडा घेतला. हॉलच्या पायरीवर बसून बालूशाही खाल्ली. म्हणाल्या, "शिळी आहे." आणि सगळी संपवली.

ठराव बारगळला. चौकशी लागली, सेक्रेटरीनं सगळं ओकून टाकलं, भैयासाहेबांची खुर्ची गेली. नवीन मंडळींनी जमीन उघड लिलावात विकली आणि आम्हा सगळ्यांना घातले त्याहून चांगले जास्त मिळायची वेळ आली. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या आणि मी त्यांच्या खिडकीत, रजिस्ट्रीला आले होते.

एका सकाळी त्या रांगेत दिसल्या. छत्री तीच. दोन लिफाफे आत सरकवले, दोन्ही पोचपावतीसह. एक कंपनीला, वडील मयत झाल्याचं रीतसर कळवणारं. दुसरं त्याच मजकुराचं, पण भैयासाहेब सरोदे यांना, घरच्या पत्त्यावर.

"बाई, त्यांचा आता कंपनीशी काय संबंध?"

"संबंध नाई. पन त्याले कळलं पायजे. अधिकृत."

बंगला आमच्याच हद्दीत होता, म्हणून तिसऱ्या दिवशी पोचपावती माझ्याच टेबलावर आली, आणि बाई विचारायला आल्याच. मी कार्ड खिडकीतून पुढं केलं. सहीच्या जागी निळा, फराटलेला ठसा होता.

"हा डाग कोनाचा?"

"भैयासाहेबांचा. लकवा झालाय, उजवा हात गेला. भोंगाडे सांगत होता, पेन धरायला पाहिलं, पडलं. मग म्हणाले, आण बाबा शाई."

बाईंनी कार्ड उजेडात धरलं, नेहमीसारखं. बराच वेळ धरलं. मला वाटलं, आता रडतील, किंवा हसतील, किंवा निदान म्हणतील, जाऊ दे. मागं रांग चुळबुळ करू लागली. बाईंनी कार्ड खाली ठेवलं आणि एका बोटानं माझ्याकडे सरकवलं.

"साक्षीदार कुठी आहे?"

"काय?"

"डागाले साक्षीदार लागते. इसरली का वं? हे नाई चालत. परत पाठव."

मी भोंगाडेला हाक मारली. त्यानं कार्डाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि टोपी चढवून सायकल काढली. नियम तसाच होता, आणि नसता तरी मी पाठवलं असतं.

बाई दारापर्यंत गेल्या. तिथून वळून मला एक बोट दाखवलं.

"ही पह्यली खेप," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.